मोजे चढत नाहीत, हा पेशंटचा दोष नाही

"पेशंट ऐकतच नाहीत." व्हेरिकोज व्हेन्स आणि पायांच्या सुजेचा विषय निघाला की डॉक्टरांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज लिहून दिले, पेशंटने विकत घेतले, दोन दिवस घातले आणि कपाटात टाकले. सहा महिन्यांनी पाय तसाच, सूज तशीच. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी आणि कडक झालेली, कधी तिथे जखमही झालेली. मग केसपेपरवर शेरा पडतो, पेशंटचं सहकार्य नाही.

मला हा शेरा मान्य नाही. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, कंबर वाकत नाही, बोटांत जोर नाही, अशा माणसाला "क्लास २ स्टॉकिंग्ज, दिवसभर" एवढंच लिहून देणं म्हणजे अर्धवट प्रिस्क्रिप्शन आहे. इन्सुलिन लिहून दिलं आणि सुई कशी टोचायची ते दाखवलंच नाही, तर आपण पेशंटला दोष देतो का? मग मोज्यांच्या बाबतीतच का देतो?

हे मोजे नेमकं काय करतात?

आपण स्थिर उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांमध्ये साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरांमधलं रक्त वर ढकलतात आणि निरोगी पायात हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. म्हणूनच पोटरीला पायाचा पंप म्हणतात. शिरांमधल्या झडपा खराब झाल्या किंवा हा पंप बंद पडला की दाब कायम चढा राहतो. पाणी बाहेर झिरपतं, सूज येते, कातडी खराब होते आणि शेवटी जखम होते.

कॉम्प्रेशनचे मोजे बाहेरून दाब देतात. घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी. त्यांचा उपयोग होतो यात शंका नाही. २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. पाय कायम सुजलेले आणि त्यात वारंवार सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग, होणारे ८४ पेशंट त्यात होते. कॉम्प्रेशन घेणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांना पुन्हा संसर्ग झाला, न घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला गेला. पण तिथे या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनी पायांना कॉम्प्रेशन बसवून दिलं होतं. काउंटरवरून "एल साइज द्या" म्हणून आणलेल्या खोक्यावर तो निष्कर्ष चिकटवता येत नाही.

आता खरी विसंगती बघा. पोटरीचा पंप कोणाचा बंद पडतो? जो कमी चालतो त्याचा. संधिवाताने जखडलेल्या आजींचा, पक्षाघात झालेल्या काकांचा, पार्किन्सनच्या पेशंटचा, दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्यांचा. म्हणजे ज्यांना या मोज्यांची गरज जास्त, त्यांनाच ते घालता येत नाहीत. या माणसांचा विचार नंतर कधीतरी करून चालणार नाही. तो सुरुवातीलाच करायला हवा.

घालायला इतके अवघड का?

मोज्याचा सर्वांत अरुंद भाग घोट्याशी असतो, आणि तो ओढून न्यायचा असतो टाचेवरून, म्हणजे पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून. त्यासाठी कंबर वाकली पाहिजे, खुबा आणि गुडघा दुमडला पाहिजे, दोन्ही हात पावलापर्यंत पोचले पाहिजेत, अंगठ्याच्या सांध्यात पकड हवी आणि हे सगळं होईपर्यंत दम टिकला पाहिजे. एवढं ज्याला सहज जमतं त्याचा पाय बहुधा सुजलेलाच नसतो.

खुब्याचा सांधा बदललेल्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड कधीतरी नीट वाचा. एका ओळीत लिहिलेलं असतं, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका. दुसऱ्या ओळीत, स्टॉकिंग्ज रोज घाला. या दोन ओळी एकत्र कशा पाळायच्या हे तिसऱ्या ओळीत लिहिलेलं नसतं. घरी गेल्यावर तो माणूस एक तर वाकतो आणि सांधा धोक्यात घालतो, किंवा मोजे सोडून देतो. मोजे सोडणारा त्यातल्या त्यात शहाणा.

आणि अर्धवट चढलेला मोजा काहीच न घालण्यापेक्षा वाईट. घोट्यावर चुण्या पडलेल्या, वरची कड गुडघ्याखाली गुंडाळली गेलेली, असा मोजा पायाला दोरी बांधल्यासारखा आवळतो. डायबेटिसमुळे पाय बधिर असेल तर ते कळतही नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर जखम दिसते.

"जास्त घट्ट, जास्त लांब" हा हट्ट

दुकानात गेलं की मांडीपर्यंतचा मोजा पुढे येतो. पेशंटलाही वाटतं, पैसे देतोय तर पूर्ण पायाचा घ्यावा. प्रत्यक्षात घोट्याची सूज, काळी पडलेली कातडी, घोट्याजवळची जखम यांसाठी बहुतेकांना गुडघ्याखालचा मोजा पुरतो. तो चढवायला सोपा, गुडघ्यामागे चुण्या पडत नाहीत आणि शौचाला जाताना खाली घसरत नाही.

"क्लास २" हा शब्दही फसवा आहे. जर्मन मापानुसार क्लास २ म्हणजे घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा, ब्रिटिश मापानुसार १८ ते २४. आपल्या बाजारात वेगवेगळ्या मापांचा माल मिळतो. म्हणून नुसता क्लास न लिहिता दाबाचा आकडा लिहिला पाहिजे, आणि पेशंटनेही खोक्यावर तोच बघितला पाहिजे.

बरी झालेली जखम पुन्हा होऊ नये म्हणून जास्त दाब जास्त उपयोगी पडतो, हे खरं. पण जास्त दाबाचे मोजे पेशंट सोडूनही जास्त देतात. ३० चा मोजा कपाटात असेल तर पायावरचा दाब शून्य. १८ चा रोज घातला तर १८. ज्यांना खरोखर जास्त दाब हवा आहे, त्यांना कमी दाबाचे दोन मोजे एकावर एक घालता येतात. पहिला चढला की दुसरा त्यावरून त्या मानाने सहज सरकतो. किंवा पोटरीभोवती गुंडाळून वेल्क्रोने आवळायचे पट्टे मिळतात. ते टाचेवरून ओढावे लागत नाहीत आणि सूज कमी झाली की तेच पुन्हा आवळता येतात. हे पर्याय पेशंटला सांगितले जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आणखी एक. हॉस्पिटलमध्ये झोपून असलेल्या पेशंटला घालतात ते पांढरे मोजे वेगळे. त्यांचा दाब कमी असतो आणि ते अंथरुणातल्या माणसासाठी बनवलेले असतात. घरी आल्यावर तेच व्हेरिकोजसाठी वापरू नका. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये तर त्यांचाही फायदा दिसला नाही. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्लॉट्स चाचणीत पक्षाघाताचे अडीच हजारांवर पेशंट होते. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी रक्ताच्या गुठळ्या कमी झाल्या नाहीत. त्वचेला इजा मात्र मोजे घालणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांना झाली आणि न घालणाऱ्यांपैकी १ टक्का लोकांना. "काही नाही तर मोजे तरी घाला" हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

आधी हे तपासा

पायाच्या धमन्यांमध्ये अडथळा असेल तर घट्ट मोज्याने पावलाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. म्हणून आधी पावलावरची नाडी बघायची. शंका असेल तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढायचं. त्याला एबीपीआय म्हणतात. ते ०.५ च्या खाली असेल तर हे मोजे घालायचे नाहीत. ०.५ ते ०.८ च्या दरम्यान असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने कमी दाबच. डायबेटिसमध्ये धमन्या कडक झालेल्या असल्या की हा आकडा खोटा चढा येतो, १.३ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नये. हृदयविकारामुळे दम लागत असेल आणि सूज वाढत असेल तर आधी हृदयाचे उपचार. अॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीमुळेही घोटे सुजतात. तिथे मोजा घालण्याआधी गोळीचा विचार करायचा, पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

चढवायचे कसे?

जे दवाखान्यात दाखवलं जायला हवं, ते इथे लिहितो.

१. वेळ: सकाळी, सूज चढण्याआधी. आपल्याकडे आंघोळ करून मगच मोजे घालायचे असतात, आणि तोवर पाय भरलेले असतात. आंघोळीनंतर पाय कोरडे करा, पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून पडून राहा आणि मग घाला.

२. पाय पूर्ण कोरडा हवा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. थोडी टाल्कम पावडर चालेल. तेल, क्रीम, मलम रात्री लावायचं, सकाळी नाही.

३. हात आणि मुंद्या असलेल्या घट्ट खुर्चीत बसा. पलंगाच्या कडेवर नको, तोल जातो. पाय ठेवायला समोर पाट किंवा बुटका स्टूल घ्या.

४. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. यासारखी स्वस्त आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही. पकड मिळते, नखांनी मोजा फाटत नाही आणि चुण्या तळहाताने सारून वर नेता येतात.

५. मोज्यात हात घालून टाच आतून पकडा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. आता फक्त पावलाचा खिसा उरतो. त्यात पाऊल टाचेपर्यंत नीट बसवा. मोज्याची टाच पायाच्या टाचेवर बसली की अर्धं काम झालं.

६. मग उरलेला भाग थोडा थोडा करून वर न्या. वरची कड धरून एकदम ओढू नका. मोजा गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं अंतरावर संपला पाहिजे. जास्तीचा भाग दुमडून ठेवायचा नाही. दुमडावा लागत असेल तर माप चुकलं आहे.

७. बोटं उघडी असलेला मोजा घेतला तर आणखी एक सोय होते. आधी पावलावर गुळगुळीत नायलॉनची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकवा आणि मग पिशवी बोटांच्या बाजूने ओढून काढा. तयार पिशव्या मिळतात. नाही मिळाली तर छत्रीच्या किंवा पॅराशूट कापडाची शिंप्याकडून शिवून घ्या. बोटं उघडी असली की जोडवी न काढता मोजा घालता येतो. अनेक बायकांसाठी हा प्रश्न लहान नसतो. पैंजण मात्र काढावे लागतात.

८. मोजे घालून फरशीवर तसेच चालू नका. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर मोज्यांचा हिशेब फार महागात पडेल. घरातही रबरी तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल घाला.

रात्री झोपताना काढायचे. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं करा. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, पाय ठणकायला लागला, तर लगेच काढा. एक नियम लक्षात ठेवा. जो मोजा तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला हवा तेव्हा काढता येत नाही, तो घालायचाच नाही.

हातच पोचत नसेल तर?

त्यासाठी धातूच्या तारांची एक चौकट मिळते, स्टॉकिंग डोनर नावाने. तिच्या कमानीवर मोजा ताणून टाचेपर्यंत उलटा चढवून ठेवायचा, चौकट जमिनीवर ठेवायची, वरून पाऊल आत सारायचं आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून वर ओढायचं. लांब दांड्यांची चौकट घेतली तर फारसं वाकावं लागत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर अशीच लागते.

तिची मर्यादाही सांगतो. मोजा कमानीवर ताणायला हाताला जोर लागतो. आजींच्या बोटांत तो नसेल तर घरातल्या कोणीतरी रात्रीच मोजा चौकटीवर चढवून ठेवायचा, म्हणजे सकाळी आजींना कोणाची वाट बघावी लागत नाही. पक्षाघाताने एक हात निकामी असेल तर चौकट सहसा जमत नाही. तिथे वेल्क्रोचे पट्टे किंवा दुसऱ्या माणसाची मदत.

घरातल्या माणसांचं काय?

"सुनेला सांगा, ती घालून देईल," असं म्हणून विषय संपवला जातो. सकाळी सातला त्या घरात डबे भरणं चालू असतं, मुलांची बस यायची असते, आणि तिलाही ऑफिस गाठायचं असतं. ब्युरोची मावशी नऊला येते, तोवर आजी चार तास उठून बसलेल्या असतात आणि पाय टम्म झालेले असतात. सासऱ्यांना रोज सुनेच्या हातात पाय द्यायला संकोच वाटतो, सुनेलाही ते अवघड जातं. दोघंही बोलत नाहीत. आठवडाभराने मोजे आपोआप बंद होतात. केसपेपरवर मात्र "सहकार्य नाही" एवढंच येतं.

नेदरलँड्समध्ये ज्यांना मोजे चढवता येत नाहीत त्यांच्याकडे होम नर्सिंगची माणसं घरी येऊन ते चढवतात. जर्मनीत मोजे घालून देणं आणि काढणं ही घरगुती शुश्रूषेची सेवा डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर लिहू शकतात आणि आरोग्य विमा तिचा खर्च उचलतो. तिथली व्यवस्था आपल्याकडे उद्या येणार नाही, मला कल्पना आहे. पण मोजे चढवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे तिथे मान्य झालं आहे. आपण निदान तेवढं तरी मान्य करू.

महाराष्ट्रात २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या नागरिकांना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची ती योजना. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्वायकल कॉलर अशी साधनं त्यासाठी नावानिशी सांगितली गेली. कमरेचा पट्टा आणि मानेचा कॉलर आठवतो, तर पायाची जखम टाळणारे मोजे आणि ते चढवायची चौकट का आठवू नये? त्यांची नावंही तिथे स्पष्ट लिहिली जावीत, ही माझी मागणी आहे.

"ओपीडीत वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप खोटा नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले असताना डॉक्टर मोजे चढवत बसू शकत नाही. पण दम्याचा इन्हेलर कसा ओढायचा हे शिकवायला आपण वेळ काढलाच ना? ते काम नर्स, फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षित मदतनीस करू शकतात. दहा मिनिटांचं काम आहे. घोट्याजवळच्या जखमेचं ड्रेसिंग महिनोन्महिने करत बसण्यापेक्षा ही दहा मिनिटं स्वस्त पडतात.

दुसरा आक्षेप, "मग ऑपरेशनच करून टाकू." काहींच्या बाबतीत हे बरोबर आहे. २०१८ च्या एव्हरा चाचणीत खराब शिरेवर लवकर उपचार केल्यावर जखमा सरासरी ५६ दिवसांत भरल्या, उशिरा उपचार केलेल्यांच्या ८२ दिवसांत. म्हणून जखम असेल तर शिरांची डॉपलर तपासणी करून घ्या, मोज्यांवर वर्षं काढू नका. पण त्या चाचणीतही दोन्ही गटांना कॉम्प्रेशन दिलं होतंच. ऑपरेशन झालं म्हणून मोज्यांचा प्रश्न मिटत नाही. आणि ज्यांची सूज मुळात न चालण्यामुळे आहे, त्यांना लेझरचा काय उपयोग?

पुढच्या वेळी दवाखान्यात हे विचारा

- माझ्या पावलाची नाडी तपासली का?
- दाब किती हवा, आकड्यात लिहून द्याल का? गुडघ्याखालचा पुरेल का?
- माप कोण घेणार? घोटा, पोटरी आणि गुडघ्यापर्यंतची उंची, तिन्ही सकाळी मोजायला हवीत.
- मला हा मोजा स्वतः घालता-काढता येतो का, ते इथेच बघाल का?
- येत नसेल तर कमी दाब, दोन थर, वेल्क्रोचा पट्टा, चौकट यांपैकी माझ्यासाठी काय?

विचारायला संकोच करू नका. चांगले मोजे हजारांत जातात, आणि रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांनी बदलावे लागतात. न जमणाऱ्या वस्तूवर तेवढे पैसे घालवण्याआधी चार प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती. "सहकार्य नाही" असं लिहिण्याआधी पेशंटला म्हणा, "आजी, मोजे घेऊन या, इथे घालून दाखवा बघू." तीन मिनिटं त्यांची धडपड बघा. मग शेरा काय लिहायचा ते ठरवा.